पोपायचं पिनबॉल: आधी नीट खेळा, मग नावं ठेवा

पिनबॉल म्हणजे पैसे टाकून खेळायचं उतरतं टेबल, त्यावर धातूचा बॉल खाली पडू न देता वर मारत राहायचं. १९९४ साली बॅली ह्या कंपनीच्या नावाने आलेलं 'पोपाय सेव्ह्ज द अर्थ' हे मशिन पिनबॉलवाल्यांमध्ये चांगलंच बदनाम आहे. बरेच जण एक गेम टाकतात, पटापट तीनही बॉल घालवतात आणि बकवास म्हणून शेजारच्या मशिनकडे वळतात. मशिन चुकलंय हे मलाही मान्य आहे, पण ते कुठे चुकलंय हे नीट खेळल्याशिवाय कळत नाही. आणि डिझाइन फसलेलं असणं वेगळं, समोरचं मशिन नुसतं बिघडलेलं असणं वेगळं, ही गल्लत सगळ्यात जास्त होते.

म्हणून पैसे टाकायच्या आधी मशिनची तब्येत बघा. क्रेडिट्सच्या, म्हणजे शिल्लक गेम्सच्या, आकड्याला लागून एक टिंब दिसतंय का? त्या काळच्या ह्या मशिन्स स्वतःलाच तपासतात, बॉल लागल्याचं कळवणारा एखादा स्विच बराच वेळ दाबलाच गेला नाही की ते टिंब येतं, म्हणजे आत काहीतरी गडबड आहे. मग पहिला बॉल फक्त अंदाज घ्यायला खेळा. दोन्ही फ्लिपरने, म्हणजे खालच्या बटणाने हलणाऱ्या दांड्यांनी, बॉल जोरात वर मारून बघा, रॅम्पच्या (बॉल वर नेणाऱ्या चढाच्या) अर्ध्यातून परत येत असेल तर फ्लिपर थकलेत, डिझाइनरला शिव्या देऊ नका. बॉल सारखा एकाच बाजूला ओढला जात असेल तर मशिन लेव्हलला नाहीये, कॅरम बोर्ड एका कोपऱ्यात खाली असला की कसं होतं अगदी तसंच. उतार साधारण साडेसहा अंशांचा ठेवतात, तो कमी असला की सगळा खेळ मंद आणि कंटाळवाणा वाटतो. आणि हे मशिन मुळातच नेहमीपेक्षा रुंद, बॉल आडवा खूप फिरतो, त्यामुळे कमी उतारावर तर ते फारच सुस्त होतं.

आता मुख्य दुखणं. वरच्या अर्ध्या भागावर एक भलामोठा दुसरा मजला बसवलाय आणि त्याच्या खाली काय चाललंय ते दिसतच नाही. पिनबॉलमध्ये सगळी मजा बॉलवर नजर ठेवण्यात असते आणि इथे बॉल मध्येच गायब होतो, कधी इकडून निघतो कधी तिकडून, तोपर्यंत हात तयार नसतात. ह्यावर उपाय असा की बॉल आत कुठे गेला ते शोधत बसायचं नाही, तो बाहेर कुठून येतो त्या जागा पाठ करायच्या आणि नजर तिथेच ठेवायची. अर्धं पाऊल मागे उभं राहिलं तर थोडं जास्त दिसतं. कान पण उघडे ठेवा, आवाजावरून बरंच कळतं.

बॉल खाली आला की लगेच मारायचा नाही, ही सवय लावलीत तर अर्धं काम झालं. फ्लिपर वर धरून ठेवा, बॉल त्याच्या कुशीत थांबू द्या, मग सोडा आणि हळू घरंगळताना मारा. टोकाकडे आल्यावर मारला तर तो समोरच्या बाजूला जातो, लवकर मारला तर आपल्याच बाजूला. कुठून मारल्यावर कुठे गेला हे लक्षात ठेवत गेलं की न दिसणारे शॉट पण बसायला लागतात. बॉल धरलेला असताना फ्लिपरचं बटण काही सेकंद दाबूनच ठेवलं तर स्क्रीनवर गेमची सध्याची माहिती येते, ती वाचा, नियम कळायला फार मदत होते. धक्का द्यायचा असेल तर तळहाताने छोटासा, आणि बॉल आउटलेनच्या, म्हणजे कडेने थेट खाली जाणाऱ्या वाटेच्या, तोंडाशी पोचायच्या आधी. उशिरा दिलेला जोरदार धक्का म्हणजे फक्त टिल्ट, मशिन फ्लिपर बंद करतं आणि बॉल जातो.

थोडा हात बसला की मग टीकेला लागा आणि पहिला प्रश्न हा विचारा की हे पोपायचं मशिन वाटतं का. व्यंगचित्रकार ई. सी. सेगरने १९२९ मध्ये काढलेला आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कार्टून नेटवर्कवर पाहिलेला पोपाय म्हणजे मार खातो, खातो, खातो, मग पालक खाऊन एकच असा ठोसा देतो की बस्स. पिनबॉलसाठी ह्याहून सोपी गोष्ट नसेल, आधी शक्ती जमवा आणि मग एक दणदणीत शॉट! पण इथे पोपायचा शत्रू ब्लूटो पृथ्वीची वाट लावतोय आणि आपण संकटातले प्राणी वाचवायचे असा पर्यावरणाचा विषय घेतलाय. विषय चांगला आहे, मनापासून घेतलेला आहे, पण प्राणी वाचवताना तो ठोसा हाताला जाणवत नाही. माझ्या मते दुसऱ्या मजल्यापेक्षा ही चूक मोठी आहे. चित्रंही इतकी खच्चून भरलीत की नजर कुठे टेकवावी कळत नाही.

आणि बनवणारे नवखे नव्हते हे विसरू नका. बॅरी अवर्स्लर आणि पायथन अँजेलो, ह्याच दोघांनी १९८६ मध्ये 'पिनबॉट' हे पिनबॉल मशिन दिलं होतं, जे आजही लोक आवडीने खेळतात. त्यामुळे "काहीच येत नव्हतं" असली टीका निरर्थक आहे, हिंमत केली आणि ती फसली असं म्हणा. खपाचे आकडे हवे असतील तर पोपायची ४,२१७ मशिन्स बनली, बॅलीच्याच नावाने आलेल्या १९९२ च्या 'अ‍ॅडम्स फॅमिली'ची २०,२७०. पण खपाच्या आकड्यावरून खेळ वाईट ठरवू नका, १९९४ पर्यंत सगळ्या धंद्यालाच उतरती कळा लागली होती.

आवडलेलं पण तेवढ्याच मोकळेपणाने सांगा, मला आवाज आणि संगीत खूप आवडतं, आणि वरच्या मजल्यावर बॉल पोचला की खेळाला जो वेग येतो तोही. मत देताना मशिन कुठल्या अवस्थेत होतं, फ्लिपर कसे होते, उतार कसा वाटला हे आधी सांगा, म्हणजे दुसऱ्या ठिकाणी तेच मशिन खेळणाऱ्याला ताडून बघता येईल.