रॅकेट घेण्याआधी दोन गेमची वही

गेल्या मे महिन्यात नववीतला एक मुलगा बाबांबरोबर आमच्या टेबल टेनिसच्या हॉलवर आला. हातात नवी कोरी रॅकेट. कार्बनचं ब्लेड, म्हणजे रबराखालची फळी, दोन्ही बाजूंना सगळ्यात जाड स्पंजची रबरं, सगळं मिळून वीस हजारांच्या वर गेलेलं. मुलाचे पाय छान हलत होते, फोरहँडला जोर होता. पण समोरून जरा वेगात टॉपस्पिन, म्हणजे पुढे गरगरणारा चेंडू, आला की रॅकेट नुसती आडवी धरून केलेला ब्लॉक टेबलाच्या बाहेर. दहा मिनिटांत त्याचं मनगट आखडलं आणि तो चेंडू नुसता थोपवू लागला. मी त्याच्या हातात माझी जुनी, पाच प्लायची, म्हणजे पाच थरांची, लाकडी रॅकेट दिली. तिसऱ्या-चौथ्या रॅलीला हात सुटला. "ताई, हिच्यावर बॉल थांबतो," तो म्हणाला.

अगदी बरोबर बोलला तो. चेंडू रॅकेटवर सेकंदाचा जेमतेम हजारावा भाग टेकतो. तेवढ्यात तो रबरात किती रुतला, लाकूड किती लवलं, हे तळव्याला कळतं आणि पुढचा फटका त्यावरून सुधारतो. ब्लेड फार कडक आणि वेगवान असेल तर हाताला काही कळायच्या आत चेंडू निघून जातो. शिकणाऱ्याचं यात फार नुकसान होतं, आणि ते लवकर लक्षातही येत नाही.

डोंबिवलीत मी बावीस वर्षं मुलांना शिकवतेय. रॅकेट बदलायचीय म्हणून कोणी आलं की आधी वही काढायला लावते. आपल्याच ताकदीच्या खेळाडूशी दोन गेम खेळा आणि बाजूला बसलेल्या मित्राला प्रत्येक पॉइंट कसा संपला ते लिहायला सांगा: फोरहँड की बॅकहँड, मारला की ब्लॉक केला, नेटमध्ये गेला की लांब. ११ पॉइंटचे दोन गेम म्हणजे चाळीसेक ओळी. त्या मुलाने दोन्ही गेम ११–८ ने गमावले. गेलेल्या २२ पॉइंटांपैकी १३ चेंडू लांब गेले होते, त्यातले ८ बॅकहँड ब्लॉकवर. जिंकलेल्या १६ पैकी १० फोरहँड टॉपस्पिनचे. या ओळी वाचल्यावर काय घ्यायचं ते दुकानदाराला विचारावंच लागत नाही. फोरहँडला फिरकी हवी, बॅकहँडला ताबा हवा, आणि दोन्हीखाली शांत ब्लेड हवं.

ब्लेड आधी ठरवा. रबर वर्ष-सहा महिन्यांत बदलतं, ब्लेड पाच-सहा वर्षं तुमच्याबरोबर राहतं. नियमाप्रमाणे ब्लेडच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा असावा लागतो, म्हणजे कार्बनचं ब्लेडसुद्धा मुळात लाकूडच. फरक पडतो तो थरांच्या रचनेने. पाच प्लायचं लाकडी ब्लेड लवतं, चेंडू धरतं. स्टिगाचं ऑलराउंड क्लासिक, डॉनिकचं ॲपलग्रेन ऑलप्ले, यासाकाचं स्वीडन एक्स्ट्रा ही मी डोळे मिटून हातात देते. सात प्लायची ब्लेडं, उदाहरणार्थ स्टिगाचं क्लिपर, जास्त भरीव. टेबलाजवळ उभं राहून सपाट मारणाऱ्याला आणि ब्लॉक करून समोरच्याला पळवणाऱ्याला ती मानवतात. कार्बनमध्ये थर कुठे आहे ते विचारा. विस्कारिया या कार्बनच्या ब्लेडसारखा तो वरच्या लाकडाच्या लगेच खाली असेल तर चेंडू झटकन सुटतो. गाभ्याला लागून असेल तर हलक्या फटक्याला लाकडासारखं वाटतं आणि जोर लावला की वेग मिळतो. दोन्ही बाजूंनी सलग वीस टॉपस्पिन न चुकता जात असतील, तरच मी कार्बनचा विचार करू देते.

दुकानात ब्लेड कानाजवळ धरून बोटाच्या पेरानं ठोका. आवाज जितका उंच पट्टीतला, तितकं ते साधारणपणे कडक. वजन ८० ते ९० ग्रॅमच्या दरम्यान असतं. एकाच मॉडेलच्या दोन नगांत पाच-सात ग्रॅमचा फरक सहज सापडतो, म्हणून काट्यावर ठेवून घ्या. शाळकरी मुलांसाठी मी ८५च्या वर जात नाही. मूठ खाली पसरट हवी की सरळ, हे हातावर सोडा.

आता रबर. यात तीन गोष्टी बघायच्या: वरचा पापुद्रा, स्पंजची जाडी, स्पंजचा कडकपणा. जाडीचं गणित सोपं आहे. १.८ मिलिमीटरला ताबा जास्त, २.० मध्यम, त्यावर वेग आणि फिरकी दोन्ही वाढतात आणि चूकही महाग पडते. कडकपणाच्या आकड्यांनी मात्र फसगत होते. चिनी, जर्मन आणि जपानी पाकिटांवरचे आकडे एकाच मापाचे नसतात, त्यामुळे ते शेजारी ठेवून तुलना करू नका. हरिकेन ३ सारखं चिकट, कडक चिनी रबर अफाट फिरकी देतं, पण पायापासून कंबरेपर्यंत सगळं शरीर फटक्यात उतरलं तरच. नुसत्या हाताने खेळणाऱ्याला ते मेल्यासारखं वाटतं. मऊ स्पंज छोट्या फटक्यालाही साथ देतो, म्हणून बॅकहँडला मऊ आणि फोरहँडला जरा कडक ही जोडी बहुतेकांना जमते. पहिलं चांगलं रबर म्हणून मी अजूनही यासाकाचं मार्क फाइव्ह सुचवते. १९६९ पासून ते चालू आहे, आणि त्यावर शिकलेला फटका पुढे कुठल्याही रबरावर चालतो.

पिंपलबद्दल, म्हणजे वर दाणे असलेल्या रबराबद्दल, जरा थांबून बोलते, कारण त्याची भीतीही फार आणि मोहही फार. रबर एकट्याने सामने कसे फिरवू शकतं ते आपल्या मुंबईनेच पाहिलंय. १९५२ची जागतिक स्पर्धा इथे झाली आणि जपानच्या हिरोजी सातोने जाड स्पंजच्या बॅटने एकेरीचं विजेतेपद नेलं. चेंडूचा आवाजच येत नसल्याने समोरच्यांना अंदाज लागेना. लाँग पिंपल, म्हणजे लांब दाण्यांचं रबरही तसंच अंदाज बिघडवतं. त्याची पकड कमी असल्याने चेंडूची मूळची फिरकी बरीचशी तशीच राहते, आणि टॉपस्पिन मारणाऱ्याला परत येताना ती बॅकस्पिन, म्हणजे उलटी फिरकी, म्हणून भेटते. मनिका बत्राने बॅकहँडला हेच लावून, मध्येच रॅकेट हातात फिरवून २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण जिंकलं. टेबलाला चिकटून ब्लॉक करायचा असेल तर बिनस्पंजाचं घ्या. मागे जाऊन चॉप करणाऱ्याला, म्हणजे चेंडू खाली कापत उलटी फिरकी देणाऱ्याला, खाली पातळ स्पंज लागतो. पण ज्या मुलाला बॅकहँड टॉपस्पिन येतच नाही, त्याला मी पिंपल लावू देत नाही. पॉइंट मिळत राहतात आणि तो फटका कायमचा शिकायचा राहतो.

त्या मुलाला शेवटी ८३ ग्रॅमचं पाच प्लाय ब्लेड, फोरहँडला मार्क फाइव्ह २.० आणि बॅकहँडला मऊ स्पंजचं १.८ असं जोडून दिलं. कार्बनची रॅकेट बाबांनी कपाटात जपून ठेवलीय, ती वाया जाणार नाही.

रबर लावणं घरी जमतं. जुनं रबर मुठीकडच्या कोपऱ्यापासून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने हळूहळू सोलायचं. आडवं ओढलं तर वरच्या थराची सालं निघतात. पाण्यात विरघळणारा गोंद ब्लेडवर आणि स्पंजवर पातळ पसरवा. ओला असताना तो दुधासारखा दिसतो. पूर्ण पारदर्शक झाल्याशिवाय चिकटवू नका, नाहीतर आत फुगे राहतात. रबराची कड मुठीच्या रेषेला लावा, मग खालून वर एकेक इंच टेकवत जा आणि वरून लाटणं फिरवा. दाबायचं नाही, नुसतं लोळवायचं. रबरावरचा आयटीटीएफचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाचा, शिक्का मुठीजवळ दिसेल असा ठेवा, स्पर्धेत पंच तो बघतात. जाड पुस्तकांखाली रात्रभर ठेवून सकाळी मोठ्या कात्रीने कडा कापा, शक्यतो एका दमात.

खेळून झालं की ओल्या स्पंजने पुसून वर प्लास्टिकचा पापुद्रा लावायचा. जून-जुलैत आमच्या हॉलची फरशीसुद्धा ओलावते. तेव्हा चिकट रबरावर दव धरतं आणि चेंडू सरकतो, म्हणून दोन पॉइंटांच्या मध्ये ते कोरड्या रुमालाने टिपावं लागतं. रबर संपलं की नाही हे बघायला खिडकीच्या उजेडात तिरपं धरा. मधला भाग मंद आणि कडा चकचकीत दिसल्या, आणि अंगठा मध्यावर घसरला पण कडेला अडला, तर ते बदला.