नखाच्या बुरशीसंसर्गाची तीव्रता कशी नोंदवावी

औषधाच्या चाचणीत ‘सौम्य’ आणि ‘तीव्र’ हे शब्द तपासणाऱ्याच्या अंदाजावर सोडले, तर दोन केंद्रांवरील नोंदींची तुलना करता येत नाही. नखांच्या बुरशीसंसर्गासाठी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘ऑनिकोमायकोसिस सिव्हिअरिटी इंडेक्स’ ही अडचण बऱ्याच अंशी दूर करतो.

गुण देण्यापूर्वी केओएच तपासणी (नखाचा अंश पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) आणि कल्चर (प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहणे) यांद्वारे बुरशीची खात्री करून घ्यावी, कारण सोरायसिस झालेले किंवा बुटाने सतत दाबले गेलेले नखही असेच जाड आणि पिवळे दिसते, आणि हा निर्देशांक आजार किती आहे एवढेच सांगतो, कोणता आहे हे सांगत नाही.

त्यानंतर एकच नख निवडावे. सहसा पायाच्या अंगठ्याचे निवडतात. नखाचा किती भाग बाधित आहे ते पाहून १ ते १० टक्क्यांना १, २५ पर्यंत २, ५० पर्यंत ३, ७५ पर्यंत ४ आणि त्यापुढे ५ गुण द्यावेत. नखाच्या मोकळ्या कडेपासून मुळाकडे चार समान भाग कल्पून संसर्ग ज्या भागापर्यंत पोहोचला असेल त्यानुसार १ ते ४ गुण द्यावेत आणि मूळच बाधित असल्यास ५ द्यावेत. या दोन आकड्यांचा गुणाकार करावा. नखात बुरशीचा दाट पट्टा वा डाग असेल, किंवा नखाखालचा थर २ मिलिमीटरपेक्षा जाड असेल, तर त्यात १० मिळवावेत. दोन्ही असले तरी दहाच. बेरीज ५ पर्यंत असल्यास सौम्य, ६ ते १५ मध्यम आणि १६ ते ३५ तीव्र.

खरी कसोटी त्या दहा गुणांची असते. जेमतेम ८ टक्के जागा व्यापणारा, परंतु मुळापर्यंत गेलेला अरुंद पट्टा गुणाकाराने केवळ ५, म्हणजे सौम्य ठरतो. दहा मिळवल्यावर तो १५ होऊन मध्यम गटात जातो, आणि अशा पट्ट्यात औषध नीट शिरत नसल्यामुळे ते योग्यच आहे. म्हणून पट्टा आहे की नाही हे दोन तपासनिसांनी स्वतंत्रपणे ठरवावे आणि मतभेद झाल्यास तिसऱ्याचे मत घ्यावे.

नख कापल्याने बाधित क्षेत्र बदलते, त्यामुळे प्रत्येक भेटीत कापण्यापूर्वी मोजपट्टीसह छायाचित्र काढावे. टक्केवारीचा मूळ आकडाही नोंदवावा, म्हणजे १० किंवा २५ च्या सीमेवरील नखांची पुढे फेरतपासणी करता येते.