मांजर-कुत्र्याला उलट्या, जेवण बंद : या चुका टाळा

पोट बिघडलं की लंघन करावं, हे आपल्याकडे घरोघरी सांगतात. एरवी ठणठणीत असलेल्या मोठ्या कुत्र्याला एखाददुसरी उलटी झाली, तर एक वेळचं जेवण चुकल्याने बहुधा बिघडत नाही. पण हाच नियम मांजराला लावणं ही मला सगळ्यांत घातक चूक वाटते. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचू लागते. यकृत काम करेनासं होतं, कावीळ दिसू लागते, आणि मूळ दुखणं किरकोळ असलं तरी मांजर यकृतापायी दगावू शकतं. गुबगुबीत मांजरांना हा धोका जास्त. ‘भूक लागली की खाईल’ म्हणत वाट बघू नका. पूर्ण दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही, तर दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठा. लहान पिल्लांसाठी तर एवढंही थांबू नये, त्यांच्या रक्तातली साखर काही तासांतच उतरते.

घाबरून मग लोक दुसऱ्या टोकाला जातात. मांजराला धरून सिरिंजने पेज, दूध, काहीही तोंडात ढकलतात. उलट्या चालू असताना हे अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. शिवाय मळमळत असताना बळेच भरवलेल्या खाण्याचा मांजर पुढे तिटकारा करतं. त्यापेक्षा ओलं खाणं किंचित कोमट करून पुढ्यात ठेवा. मांजर वासावर जेवतं, सर्दीने नाक चोंदलं तरी ते ताटलीकडे बघत नाही.

माणसांच्या औषधांचा डबा तर उघडूच नका. पॅरासिटामॉल पचवायची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळपास नसतेच. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी त्याचा जीव घ्यायला पुरेशी आहे. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं बिघडतात. उलटी थांबवणारी गोळीही मनाने देऊ नका. आतड्यात काही अडकलं असेल, तर उलटी थांबते आणि अडथळा तसाच राहतो.

मांजराची प्रत्येक उलटी ‘केसांचा गोळा असेल’ म्हणून सोडून देणंही चूकच. वरचेवर उलट्या आणि घटणारं वजन यामागे मूत्रपिंड, थायरॉईड किंवा आतड्याचा आजार असू शकतो. शिवणाचा दोरा, मांजा, राखीचा धागा मांजरं गिळतात. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर कृपा करून ओढू नका, आतडं कापलं जातं. बोका लिटर ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसून कुंथतोय, जेवत नाही, उलट्या करतोय, तर ती बद्धकोष्ठता समजू नका. लघवी तुंबलेली असू शकते, अशा वेळी रात्र काढायची नसते.

कुत्र्यांबाबत गटारीच्या आसपास एक चूक हमखास होते: मटणाची हाडं आणि तेलकट रस्सा लाडाने वाढणं. हाड अडकतं, नाहीतर अशा चरबीने स्वादुपिंडाला सूज येते. लस अपुरी असलेल्या पिल्लाला उलट्यांबरोबर रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब झाले, तर आधी पार्वो या विषाणूच्या आजाराचा विचार करा. नाक कोरडं म्हणजे ताप, हे खरं नाही. कुत्र्याचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. जेवण सुटलं, ताप आहे आणि हिरड्या फिक्या आहेत, तर गोचीडताप तपासून घ्या. नसबंदी न झालेली कुत्री माजानंतर काही आठवड्यांनी खायची थांबली आणि खूप पाणी पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. पावसाळ्यात उलट्यांसोबत डोळे पिवळे दिसले तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूच्या आजाराची) शंका घ्या. तो माणसालाही होतो, म्हणून साफसफाई करताना हातमोजे हवेत.

मोठ्या छातीच्या कुत्र्याचं पोट फुगलंय, सारखी उबळ येतेय पण बाहेर काहीच पडत नाही, तर फोनवर सल्ला मागत बसू नका. जठर पिळलेलं असू शकतं, लगेच गाडी काढा.

उलटीनंतर भांडंभर पाणी एकदम पुढे ठेवलं की कुत्री-मांजरं ते गटागटा पितात आणि पुन्हा ओकतात. थोडं थोडं द्या. उलटी पुसून टाकण्याआधी फोटो काढा, शक्य झालं तर उबळ येतानाचा व्हिडिओही घ्या. पोट आत ओढून उलटी झाली की गिळलेला घास कष्टाविना तसाच बाहेर आला, हे डॉक्टरांना त्यातून कळतं आणि तपासण्या त्यानुसार ठरतात. काय खाल्लं असावं याचा अंदाज, शेवटचं जेवण कधी झालं, लघवी कधी केली, लसीचं कार्ड, आणि चघळलेल्या गोळ्यांची किंवा उंदराच्या औषधाची पाकिटं सोबत न्या.