एसीचा सेन्सर बदलायला निघालात? आधी या चुका टाळा

एसी मध्येच बंद पडतो, किंवा थांबायचं नावच घेत नाही, की हल्ली पहिला संशय सेन्सरवर. छोटासा भाग, बदलायला सोपा, म्हणून तोच गुन्हेगार ठरतो. लोकांनी काढून टाकलेले ‘खराब’ सेन्सर घरी आणून मोजायची मला जुनी खोड आहे. त्यातले बरेचसे ठणठणीत निघतात.

घरच्या स्प्लिट एसीच्या इनडोअर युनिटमध्ये सहसा दोन सेन्सर असतात. एक फिल्टरच्या मागे, खोलीतून आत ओढल्या जाणाऱ्या हवेचं तापमान सांगणारा. दुसरा तांब्याच्या टोपीचा, कॉइलच्या (हवा गार करणाऱ्या पाइप-पत्र्यांच्या जाळीच्या) पाइपला जोडलेल्या नळीत खोचलेला. दोन्ही थर्मिस्टरच. तापमान वाढलं की त्यांचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी होतो, उतरलं की वाढतो. एसी चालवणाऱ्या सर्किट बोर्डाला अंश कळत नाहीत, फक्त ओहम, म्हणजे त्या अडथळ्याचं माप, कळतं. पुढचं सगळं रामायण यातूनच घडतं.

सेन्सर मोजायचा, पण तो कुठे बसलाय ते बघायचं नाही

या चुकीवर माझा विशेष राग आहे. एका घरी गेलो होतो. तक्रार अशी की एसी आठ-दहा मिनिटं चालतो, कॉम्प्रेसर कट होतो, थोड्या वेळाने परत सुरू होतो, आणि खोली काही गार होत नाही. माझ्याआधी तिघं येऊन गेलेले. एकाने गॅस भरला. दुसऱ्याने सेन्सर बदलला. तिसरा बोर्डच बदलून गेला. घरातल्या काकू वैतागून म्हणाल्या, ‘‘दादा, तुम्ही तरी काहीतरी बदलून टाका म्हणजे मिटेल.’’

मी फिल्टर काढला आणि टॉर्च मारला. खोलीचा सेन्सर ज्या प्लॅस्टिकच्या क्लिपमध्ये बसतो ती क्लिप तुटलेली, बहुतेक आधीच्या एखाद्या सर्व्हिसिंगमध्ये. सेन्सरचं टोक लोंबकळून थेट कॉइलच्या पत्र्यांना टेकलं होतं. आता विचार करा. खोली तीस अंशांवर, सेटिंग चोवीस. कॉम्प्रेसर सुरू झाला की कॉइल दहा-बारा अंशांवर येते, तिला चिकटलेला सेन्सर बोर्डाला सांगतो की सतरा-अठरा अंश आहेत. बोर्ड म्हणतो झालं काम, कॉम्प्रेसर बंद. पंखा चालूच असतो, कॉइल खोलीइतकी गरम होते, की परत सुरुवात. सेन्सर खोटं बोलतच नव्हता, तो जिथे होता तिथलं खरं सांगत होता. दुसऱ्याने बसवलेला नवा सेन्सरही त्याने त्याच जागी लोंबकळत सोडला होता, मग फरक पडणार कसा?

एका केबल टायने सेन्सर कॉइलपासून बोटभर पुढे, हवेच्या वाटेत बांधला. काम संपलं. काकूंचा चेहरा ‘एवढंच होतं?’ असा. हो, एवढंच होतं.

तेव्हापासून माझी सवय अशी की रेझिस्टन्स मोजायचा मीटर बाहेर काढण्याआधी दोन्ही सेन्सर डोळ्यांनी बघायचे. खोलीचा कॉइलला टेकलाय का, कॉइलचा नळीत पूर्ण आत गेलाय की अर्धा बाहेर आलाय. अर्धा बाहेर असलेला कॉइल सेन्सर उलटा घोळ घालतो: कॉइलवर बर्फ धरायला लागला तरी त्याला पत्ता नसतो.

पाच आणि दहाचा गोंधळ

ही चूक मी स्वतः केलीये. नवशिका होतो, घाई होती. जुन्या सेन्सरची वायर तुटलेली, किटमध्ये तसाच दिसणारा, तसाच कनेक्टर असलेला सेन्सर मिळाला, बसवला, निघालो. दुसऱ्या दिवशी फोन: ‘‘अहो, रात्रभर एसी थांबलाच नाही, आम्ही पहाटे कुडकुडत उठलो.’’

झालं काय होतं? थर्मिस्टरवर सांगितलेला आकडा पंचवीस अंशांवरचा असतो. घरगुती एसीत ५ किलोओहम आणि १० किलोओहम हे दोन नेहमी भेटतात, १५ आणि २० वालेही असतात. तो बोर्ड होता दहाचा, मी लावला पाचचा. पंचवीस अंशांच्या खोलीत बोर्डाला पाच किलोओहम दिसले, आणि दहाच्या हिशेबात पाच म्हणजे जवळपास चाळीस-बेचाळीस अंश. मग तो कशाला थांबतोय? उलटं केलं असतं, पाचच्या बोर्डाला दहाचा, तर त्याला खोली दहाच अंशांवर वाटली असती आणि कॉम्प्रेसर सुरूच झाला नसता.

दिसायला सेन्सर जुळे भाऊ असतात. काळा थेंब आणि दोन वायरी, बस. कनेक्टर बसला म्हणजे सेन्सर बरोबर, असं मानू नका. जुना जिवंत असेल तर तो मोजा, मेला असेल तर बोर्डावरचा किंवा सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा शोधा, आणि नवा लावण्याआधी हातातच मोजून घ्या. माझ्या किटमध्ये आता प्रत्येक सेन्सरला कागदी पट्टी चिकटवलेली असते. हाताखालची पोरं हसतात. हसू देत.

मीटरची रेंज

आमच्याकडे शिकायला आलेल्या एका पोराने बर्फाच्या पाण्यात सेन्सर बुडवून तपासला आणि ‘ओपन आहे’, म्हणजे आतून तुटलाय, म्हणून कचऱ्यात टाकला. मीटर वीस किलोओहमच्या रेंजवर होता. दहा किलोओहमचा थर्मिस्टर शून्य अंशांवर साधारण सत्तावीस ते तेहतीस किलोओहम दाखवतो, म्हणजे त्या रेंजच्या बाहेर. मीटरवर ‘१’ येणारच. रेंज दोनशेवर न्यायची होती, एवढंच. चाचणी मात्र त्याने चांगली निवडली होती, त्याबद्दल शाबासकीही दिली.

मोजायचं असं: कनेक्टर बोर्डावरून काढा, कारण बोर्डावर असताना बाकीच्या सर्किटचाही रेझिस्टन्स मधे येतो. खोलीच्या तापमानाला रीडिंग घ्या. मग टोक चिमटीत धरा, आकडा हळूहळू आणि सलग उतरायला हवा. मग बर्फ-पाणी ढवळून त्यात फक्त टोक बुडवा आणि तीन-चार मिनिटं थांबा. थांबा म्हणजे थांबा. बुडवल्याबुडवल्या आलेला आकडा लिहून घेणाऱ्यांसाठी माझ्याकडे शब्द नाहीत. सगळ्यात शेवटी वायर जरा हलवून बघा. आकडा उड्या मारत असेल तर दोष थेंबात नसून वायरीत किंवा कनेक्टरच्या पिनमध्ये असतो. हिरवट पडलेली पिन मी कितीदा पाहिलीये.

आणि हे सगळं एमसीबी बंद करून. ‘कमी व्होल्टेजचा भाग आहे, काय होतंय’ हे वाक्य मला ऐकवू नका. काही बोर्डांवर सेन्सरची बाजू मेन लाइनच्या विजेपासून वेगळी केलेली नसते. इन्व्हर्टर एसीचा आउटडोअर बोर्ड तर वीज बंद केल्यावरही काही काळ चार्ज धरून ठेवतो.

बारीकसारीक

रिमोटमध्येही सेन्सर असतो काही मॉडेलांत, आणि ते फीचर चालू असेल तर एसी खोलीचं नाही, रिमोटचं ऐकतो. रिमोट पांघरुणात, आणि मालक इनडोअर युनिट उघडून बसलेत.

फिल्टर धुळीने गच्च असेल तर आधी तो धुवा. गॅस कमी असला किंवा हवा कमी जात असली तरी कॉइलवर बर्फ धरतो. त्यात सेन्सरचा दोष नाही.

एरर कोड दिसला की सेन्सर बदलू नका. कोड सांगतो की त्या वाटेवर ओपन (वाट तुटलेली) किंवा शॉर्ट (वायरी एकमेकींना टेकलेल्या) आहे. त्या वाटेवर वायर, कनेक्टर आणि बोर्डही येतात.

वायर पिळून वर टेप गुंडाळणाऱ्यांनो, तिथे पाणी ठिबकतं. सोल्डर करा, वर श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवा.

पुन्हा चालू केल्यावर कॉम्प्रेसर साधारण तीन मिनिटं मुद्दाम थांबतो. तेवढ्यात ‘अजून चालत नाही’ म्हणून परत परत स्विच मारणाऱ्यांचे हात बांधून ठेवावेत असं मला वाटतं.

रेझिस्टर लावून चालू करून दिला

सेन्सर मिळाला नाही म्हणून त्याच्या जागी साधा दहा किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे तापमान काहीही असो, आकडा तोच दाखवणारा भाग. जुगाड म्हणून लोक कौतुकाने सांगतात. बोर्डाला मग खोली कायम पंचवीस अंशांवर दिसते. सेटिंग चोवीसवर असेल तर एसी कधीच थांबणार नाही, सव्वीसवर असेल तर कधीच चालणार नाही. हे खोलीच्या सेन्सरचं. कॉइलच्या जागी लावला तर बर्फापासूनचं संरक्षण गेलं, आणि इन्व्हर्टरच्या आउटडोअरमध्ये डिस्चार्ज पाइपच्या (कॉम्प्रेसरमधून गरम गॅस बाहेर नेणाऱ्या पाइपच्या) सेन्सरच्या जागी लावला तर कॉम्प्रेसर भाजून निघाला तरी बोर्ड गप्प बसेल.

तपासायला मात्र हीच युक्ती मी रोज वापरतो. रेझिस्टर लावून बोर्ड शुद्धीवर आला तर बोर्ड चांगला, दोष सेन्सरच्या वाटेवर. पाच मिनिटांचं काम. माझ्या त्या रेझिस्टरला हातभर लांब लाल रिबीन बांधलेली आहे. ती आत राहिली तर पॅनलच बंद होत नाही.