राबणाऱ्या बापाचं आयुष्य लिहून कसं ठेवायचं

मागच्या दिवाळीला गावी गेलो तेव्हा ठरवूनच गेलो होतो की आबांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, सगळं आयुष्य लिहून काढायचं. मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू केलं, समोर ठेवला आणि म्हणलं, आबा तुमच्याबद्दल सांगा. आबा म्हणाले, "काय सांगायचं त्यात, राबलो आन् खाल्लं." झालं, रेकॉर्डिंग संपलं. त्यानंतर वर्षभर चुकत चुकत जे जमलं ते सांगतो, आणि ज्यांचे वडील सत्तरीच्या पुढं गेलेत त्यांनी हे आजच सुरू करा.

पहिलं म्हणजे त्यांना खुर्चीवर बसवून विचारू नका. कष्टाच्या माणसाला रिकाम्या हातानं बोलायला सुचत नाही. दारं धरताना म्हणजे पिकाला पाणी देताना, वैरण टाकताना, शेंगा फोडताना बरोबर बसा, हाताला काम असलं की तोंड आपोआप सुटतं. फोन शर्टाच्या खिशात राहू द्या, पण रेकॉर्ड करतोय हे सांगून ठेवा, लपूनछपून करू नका, बापाचा विश्वास महत्त्वाचा. आमच्याकडं अजून रात्रीची लाईट असते, मी दोन रात्री आबांबरोबर ज्वारीला पाणी द्यायला गेलो आणि त्या दोन रात्रीत जेवढं कळलं तेवढं आधीच्या चाळीस वर्षांत कळलं नव्हतं.

दुसरं, आयुष्य विचारू नका, वस्तू विचारा. पहिली बैलजोडी कुठली, नावं काय ठेवली, कुठल्या बाजारातनं आणली, पैसे कुणाकडनं उचलले. आबांनी सांगितलं की सांगोल्याच्या बाजारातनं खिल्लार जोडी आणली होती आणि येताना सगळी वाट चालत आले, आणि पुढं ती का विकली असं विचारल्यावर गप्प झाले, मग बऱ्याच वेळानं म्हणाले, तुझ्या आत्याचं लग्न होतं. बघा, मी बैलाचं विचारलं होतं आणि उत्तर बहिणीचं आलं. तसंच विहिरीचं विचारा. मोट कधी बंद झाली, इंजिन कधी बसवलं, मोटर कधी आली, विहीर खणताना कोण कोण होतं. इर्जिकीला, म्हणजे एकमेकांच्या रानात मदतीला जायच्या पद्धतीत, कुणाकुणाची औतं यायची हे विचारलं तर गावातली कुणाची कुणाशी दोस्ती होती ते सगळं निघतं.

सालं लावायची भानगड मोठी आहे. जुन्या लोकांना सन विचारला की ते अंदाजे काहीतरी ठोकून देतात, आणि शाळेच्या दाखल्यावर तर विश्वासच ठेवू नका, १ जून ही तारीख अर्ध्या गावाची असते कारण नाव घालताना गुरुजींनीच ती लिहिलेली. त्यापेक्षा मोठ्या घटनेला बांधून विचारा. आमच्या भागात १९७२ चा दुष्काळ हा सगळ्यात पक्का खुंटा. दुष्काळात तुम्ही केवढे होता? आबा म्हणाले, दुष्काळी कामावर खडी फोडायला गड्याच्या बरोबरीनं जात होतो पर मिसरूड फुटलं नव्हतं. म्हणजे पंधरा-सोळाचे धरा. मग कामावर खायला मिळायची ती सुकडी आठवली, मिलोची म्हणजे परदेशातनं आलेल्या लाल ज्वारीची भाकर आठवली, पाझर तलावाच्या कामावरचा मुकादम आठवला. मराठवाड्यात लातूर-धाराशिवकडचे असाल तर ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप धरा, कोयनेच्या भागात ११ डिसेंबर १९६७ चा. ह्या दोन पहाटा तिकडं कुणी विसरलेलं नाही.

मग तलाठ्याकडं जा किंवा ऑनलाईन काढा, पण सातबारा आणि मुख्य म्हणजे जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, काढाच. आजोबा गेल्यावर वारस कधी लागले, तुकडा कधी विकला, सोसायटीच्या कर्जाचा बोजा कधी चढला आणि कधी उतरला, सगळं तिथं असतं. ते कागद आबांपुढं ठेवून एक एक नोंद वाचली की प्रत्येक नोंदीला एक गोष्ट निघते. जन्ममृत्यूसाठी जुनं कोतवाल बुक मिळालं तर उत्तम. पण सातबाऱ्यावर गट नंबर असतो, शेताच्या स्थानिक नावाचा रकाना असला तरी तो बऱ्याचदा रिकामाच असतो. आमच्यात चिंचेचं रान, खळ्याची पट्टी, पांढरीचा तुकडा अशी नावं आहेत आणि ती आता फक्त आबांना माहिती आहेत. कागदावर नकाशा काढून त्यांच्याकडनं नावं भरून घ्या, हे आधी करा. पायली, मण, खंडी असं काही बोलले तर तुमच्याकडं पायलीचे शेर किती धरायचे तेही लगेच विचारा, कारण माप गावोगाव वेगळं होतं.

घराण्याच्या पिढ्या पाहिजे असतील तर सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडच्या लोकांनी हेळव्याची वाट बघा. नंदी घेऊन येतो, पिढ्यांची नावं सांगतो, त्याला धान्य-पैसे द्या आणि सगळं लिहून घ्या.

आता आईचं. हे मी विसरलो होतो आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. आबांच्या प्रत्येक गोष्टीत आई खुरपत होती, मळणी करत होती, पाटी वाहत होती, पण सातबाऱ्यावर तिचं नाव नाही आणि माझ्या वहीतपण नव्हतं. तिला आबांच्या समोर विचारू नका, ती "त्यांनाच विचार" म्हणते. चुलीपुढं एकटी असताना विचारा. तिची सालं वेगळी असतात, थोरल्याच्या वेळी, धाकटीच्या बाळंतपणाला, असं ती मोजते. दुष्काळातली एक गोष्ट आबांनी सांगितलीच नव्हती, ती आईनं सांगितली, की आबा कामावरची सुकडी स्वतः न खाता धोतराच्या सोग्यात बांधून धाकट्या भावाला आणायचे, तिला हे तिच्या सासूनं सांगितलेलं.

लिहिताना त्यांची भाषा शुद्ध करू नका. आन्, पर, व्हतं जसं बोलले तसंच ठेवा. भावकीच्या भांडणाचं वेगळ्या वहीत लिहा, ते छापायचं की नाही ते वडलांना ठरवू द्या.

सगळं झालं की मोठ्या अक्षरात प्रिंट काढा आणि घरात सगळे असताना वाचून दाखवा, पण हातात पेन ठेवा. मी बैलाचं नाव चुकवलं होतं, आबांनी मधेच थांबवलं, "पवळ्या न्हवं, हौशा." मग हौशा कसा मारका होता ते सुरू झालं, आणि मला अजून चार पानं जोडावी लागली.