टेडची चाचणी घेताना या चुका टाळा: आधी कोन, मग कोळंबी

जाळ्यात कासवांना वाट देणारे टेड बसवले, चार-सहा ओढी (जाळे पाण्यातून ओढण्याच्या फेऱ्या) मारल्या, कोळंबी कमी वाटली आणि निकाल लागला: "यातून माल जातो." बंदरावर टेडची चाचणी बरेचदा इथेच संपते. माल जातो हे खरेही असू शकते. पण तो टेडमुळे गेला, चुकीच्या कोनामुळे गेला, आखूड झडपेमुळे गेला की त्या दिवशी पाण्यात कोळंबीच कमी होती, हे अशा चाचणीतून कळत नाही.

टेड म्हणजे टर्टल एक्सक्लुडर डिव्हाइस. ट्रॉल जाळ्याचा गळा आणि मागचा खोला (माल साठतो ती पिशवी) यांच्यामध्ये गजांची एक चौकट तिरकी बसवतात. कोळंबी आणि लहान मासळी गजांमधून खोल्यात जाते. कासव, मोठे पाकट गजांवरून घसरत जाळ्याला कापलेल्या तोंडाशी येतात आणि वरची झडप ढकलून बाहेर पडतात. अमेरिकेने १९८७ पासून आपल्या कोळंबी ट्रॉलरना याचे नियम लावले. पुढे कासवांच्या संरक्षणाची तशीच सोय नसलेल्या देशांकडून समुद्रातली कोळंबी घेणे बंद केले. भारताची समुद्री कोळंबी २०१९ पासून त्या कचाट्यात सापडली (तळ्यात वाढवलेल्या वनामी कोळंबीला हा नियम नाही). म्हणून टेडची चाचणी आता फक्त संशोधकांचे काम राहिलेले नाही.

तीन प्रश्न एकाच ओढीत

पहिली चूक समुद्रात जायच्या आधीच होते. माल किती सुटतो, कासव सुटते का, आणि मापे नियमात बसतात का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तिसऱ्याचे उत्तर धक्क्यावर तासाभरात फूटपट्टीने मिळते. पहिल्याला कितीतरी ओढी लागतात. दुसऱ्याचे उत्तर साध्या मासेमारीतून जवळजवळ मिळतच नाही. त्याबद्दल पुढे.

मापांच्या प्रश्नात एक जुना घोळ आहे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने (सिफ्ट) लहान-मध्यम ट्रॉलरसाठी केलेल्या सिफ्ट-टेडची चौकट १००० बाय ८०० मिलिमीटर लंबगोल आहे. बाहेरचा गज १० मिलिमीटर स्टेनलेस स्टीलचा, आत ८ मिलिमीटरचे पाच उभे गज आणि दोन गजांमध्ये १४२ मिलिमीटर अंतर. माल राखायला हे अंतर सोयीचे. पण अमेरिकेची कमाल मर्यादा १०.२ सेंटिमीटर, म्हणजे ४ इंच आहे. जुन्या चौकटीवर महिनाभर चाचणी घेऊन "माल जात नाही" असा अहवाल दिला, तरी निर्यातीच्या प्रश्नाला त्याचा उपयोग नाही. गज जवळ आले की मोठी मासळी, पाकट, म्हाकुळाचा मोठा आकार यांचा हिशेब बदलतो.

अंतर तपासायला १०.३ सेंटिमीटर रुंदीचा लाकडी ठोकळा करून घ्या. तो कोणत्याही दोन गजांमधून जाता कामा नये. वरच्या, मधल्या आणि खालच्या टोकाला तपासा, कारण विंचवर (जाळे ओढणाऱ्या यंत्रावर) चौकट आपटली की गज मध्येच वाकतात. चौकट नवी असताना बरोबर असते आणि दहाव्या फेरीनंतर नसते.

कोन: सगळ्या तक्रारींचे मूळ

चौकट पाण्याच्या प्रवाहाच्या दिशेशी किती अंशांत आहे, यावर टेडचे बहुतेक काम चालते. अमेरिकी नियमात सरळ गजांसाठी हा कोन ३० ते ५५ अंश आहे. बसवताना ४५ ते ५० च्या मध्ये धरणे शहाणपणाचे. चौकट फार उभी झाली, म्हणजे ५५ च्या वर गेली, तर कासव गजांवर दाबून राहते, घसरत नाही. कचराही तिथेच अडकतो. फार झोपली तर पाणी सुटकेच्या तोंडाकडे वळते आणि पाण्याबरोबर कोळंबी बाहेर जाते. "टेडमधून माल जातो" म्हणणाऱ्याने सर्वांत आधी हाच कोन मोजावा.

मोजण्याची सोपी पद्धत अशी. टेड बसवलेला जाळ्याचा तुकडा तोंडाकडच्या टोकाने कप्पीला लटकवा, खालच्या टोकाला थोडे वजन द्या. आता जाळ्याचा अक्ष उभा झाला. मधल्या गजावर कोनमापक ठेवा आणि ओळंब्याच्या उभ्या रेषेशी कोन वाचा. तोच टेडचा कोन. मोबाइलमधल्या कोनमापकावरही चालते, फक्त वारा नसताना आणि तीन वेळा वाचून सरासरी घ्या.

कोनमापक नसेल तर टेप घ्या. चौकटीची लांबी १०० सेंटिमीटर असेल तर तिच्या वरच्या आणि खालच्या टोकांमध्ये जाळ्याच्या लांबीच्या दिशेने अंतर मोजा. ७१ सेंटिमीटर आले तर ४५ अंश, ६४ आले तर ५०, ५७ आले तर ५५, आणि ८७ म्हणजे ३०. चौकट ११० सेंटिमीटरची असेल तर याच आकड्यांना १.१ ने गुणा.

इथेच एक फसगत होते. कारागीर हे अंतर आस (जाळ्याची भोके) मोजून पकडतात, आणि आसाची लांबी ताणलेल्या मापाने धरतात. ४० मिलिमीटर ताणलेला आस बसवल्यावर थोडा उघडतो, त्याची लांबी समजा ३६ राहते. ५० अंशांसाठी ६४ सेंटिमीटर हवे म्हणून १६ आस धरले, तर प्रत्यक्षात ५७.६ सेंटिमीटरच मिळतात. कोन झाला ५५ च्या अगदी काठावर, आणि पाच-सहा ओढींनी जाळे सैल झाले की तो पलीकडे जातो. म्हणून आस मोजून शिवा, पण विश्वास टेपवर ठेवा.

शिवताना आधी चौकटीच्या कडेवर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार खुणा करा आणि जाळ्याच्या घेराचेही चार सारखे भाग पाडा. १००० बाय ८०० च्या लंबगोलाचा घेर साधारण २८४ सेंटिमीटर भरतो. त्या मानाने जाळे फार सैल असेल तर खालच्या बाजूला खिसा पडतो आणि त्यात माल व चिखल साठतो. घट्ट असेल तर जाळे चौकटीला स्वतःच्या कोनात ओढते. एका टोकापासून सरळ शिवत गेलात, तर शेवटी चौकट हमखास चार-पाच आस वळलेली असते.

आणखी एक: भार जाळ्यावर राहू देऊ नका. सुटकेच्या तोंडाजवळचे जाळे कापलेले असते, त्यामुळे ती बाजू आधी ताणली जाते. दोन्ही कडांना लांबीभर दोरी बांधून भार तिच्यावर घ्या. पहिल्या पाच ओढींनंतर कोन पुन्हा मोजायचा, आणि नोंद "पाच ओढींनंतरचा" अशीच करायची. धक्क्यावरचा कोन आणि वापरातला कोन एक नसतो.

झडप आणि तोंड

सुटकेचे तोंड कापताना माप ताणलेल्या सरळ रेषेत घ्यायचे असते. एका मोठ्या झडपेच्या अमेरिकी रचनेत आडवा काप ताणून किमान १८० सेंटिमीटर आणि पुढच्या दिशेचे काप किमान ६६ भरावे लागतात. दोन झडपांच्या रचनेत आडवा काप १४२ आणि पुढचे काप ५१ चालतात. पण त्या दोन झडपा एकमेकींवर ३८ सेंटिमीटरपेक्षा जास्त येता कामा नयेत. ही मापे मोठ्या कासवांसाठी आहेत. प्रौढ ऑलिव्ह रिडले कासवाची पाठ ६० ते ७५ सेंटिमीटर असते, चामड्या पाठीचे लेदरबॅक मात्र दीड मीटरच्या पुढे जाते. "आमच्याकडे रिडलेच येते" म्हणून तोंड लहान ठेवणे ही कोकण किनाऱ्यावर सहज होणारी चूक आहे.

झडप चौकटीच्या मागच्या टोकापलीकडे ६१ सेंटिमीटरपेक्षा जास्त लोंबता कामा नये. लांब झडप किंवा जड दोऱ्याची झडप पाण्याच्या दाबाने घट्ट बसते आणि कासवाला ती उचलता येत नाही. आखूड झडप सतत फडफडते आणि माल सुटतो. झडपेच्या कडेने दोरी ओवून ती बांधून ठेवण्याचा शॉर्टकट सगळ्यांना ठाऊक आहे. अशा ओढीची नोंद चाचणीत धरू नये, एवढेच.

उलटे गेलेले टेड

स्टीलच्या चौकटीला वजन असते. वर दिलेल्या मापांची चौकट साधारण साडेतीन किलो भरते, पाण्यात तीन किलोच्या आसपास. हे वजन न तोलता जाळे सोडले तर तुकडा पिळतो आणि वर उघडणारे तोंड बाजूला किंवा खाली जाते. चौकटीच्या वरच्या अर्ध्या भागाला तेवढे वजन तोलतील इतके बोये बांधा. खाली उघडणाऱ्या टेडला बोये नियमानेच लागतात, नाहीतर झडप तळाला घासून दोन दिवसांत फाटते. बोये झडपेला कधीच बांधू नका.

जाळे सोडताना तांडेलाने (बोटीच्या प्रमुखाने) एवढेच पाहावे की टेड पाण्यात गेल्यावर तोंड वरच्या बाजूला आहे. दिसले नाही तर ओढ सुरू करू नये. खोला पिळलेला असेल तर आधी उलगडावा. या दोन मिनिटांच्या आळसापायी तीन तासांची ओढ निकामी होते.

जाळे उचलतानाचा तोटा तर टेडच्या नावावर फुकट लागतो. जाळ्याचे तोंड उघडे ठेवणाऱ्या फळ्या वर येताना बोट थांबवली की मागचा प्रवाह मरतो. खोल्यातला माल लाटेसरशी पुढे येतो आणि सुटकेच्या तोंडातून बाहेर जातो. विंच चालू असेपर्यंत बोटीला थोडी गती ठेवा, आणि टेड व खोल्याच्या तोंडामध्ये पुरेसे लांब जाळे ठेवा. हा तोटा वर तरंगत्या कोळंबीने ओळखता येतो.

"गेल्या आठवड्यापेक्षा कमी आले" ही तुलना नव्हे

शेजारच्या बोटीशी तुलना करू नका. इंजिन वेगळे, खालचा दोर वेगळा, तांडेल वेगळा. एकाच जाळ्याला दोन अदलाबदलीचे तुकडे करा: एक टेडचा, दुसरा साधा, पण लांबी, आस आणि दोरा अगदी तोच. मग ओढी टेड, साधी, साधी, टेड या क्रमाने घ्या, म्हणजे दिवस-रात्र आणि भरती-ओहोटीचा परिणाम दोन्हींकडे सारखा वाटला जातो. उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) दिवसांत टेड आणि भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत साधे, असे झाले तर सगळी मेहनत पाण्यात. ओढीचा वेळ, वेग, वाव (पाण्याची खोली) आणि दिशा प्रत्येक वेळी लिहा.

किती ओढी? जोडीतल्या दोन ओढींच्या मालात साधारण २० टक्के चढउतार असेल, तर १० जोड्यांनंतर निकालाची अनिश्चितता सुमारे अधिक-उणे १४ टक्के राहते. म्हणजे १० टक्के तोटा दिसला तरी तो खरा की योगायोग, सांगता येत नाही. अधिक-उणे ५ टक्क्यांपर्यंत यायला सुमारे ६० जोड्या लागतात. तेवढे शक्य नसेल तर अहवालात टक्केवारी ठोकून देऊ नका. आणि माल टोपलीच्या अंदाजाने लिहू नका. डेकवरचा काटा लाटेत हलतो, म्हणून क्रेटला ओढीच्या क्रमांकाची खूण बांधा आणि वजन धक्क्यावर करा, कोळंबी आणि बाकी मासळी वेगवेगळी.

पावसाळी बंदी उठल्यावरचे पहिले आठवडे चाचणीला वाईट. पुराबरोबर आलेली लाकडे, प्लास्टिक आणि तुटकी जाळी गजांवर अडकतात. गजांवर कचरा साठला की पाणी वळते आणि माल सुटतो. अशी ओढ वगळायची असेल तर आधी ठरवलेल्या नियमाने वगळा (उदाहरणार्थ, चौकटीचा चौथा हिस्सा झाकला असेल तर). मालाचे वजन पाहून मग वगळणे म्हणजे फसवणूक.

काही जण तोंडावर बारीक आसाची दुसरी पिशवी बांधतात, म्हणजे सुटलेला माल मोजता येतो. पद्धत उपयोगी आहे, पण पिशवी झडप दाबते आणि प्रवाह बदलते. मुख्य म्हणजे बाहेर पडलेले कासव त्या पिशवीतच अडकून बुडते. वापरायचीच असेल तर ओढी अगदी आखूड ठेवा.

कासव आले नाही, म्हणून टेड चांगले?

५० ओढींत एकही कासव आत सापडले नाही, याचा अर्थ टेड चालते असा होत नाही. कदाचित ५० ओढींत एकही कासव जाळ्यासमोर आलेच नसेल. टेडने ९७ टक्के कासवे सोडली पाहिजेत हा अमेरिकी निकष आहे. एकही न अडकता तेवढी खात्री दाखवायला सुमारे १०० कासवे जाळ्यात शिरावी लागतील. म्हणूनच तिकडे हे काम वेगळे चालते. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला वाढवलेली लॉगरहेड कासवे फ्लोरिडातल्या पनामा सिटीजवळ पाणबुडे स्वतः जाळ्यात सोडत आले आहेत. पाच मिनिटांत कासव बाहेर आले नाही तर ते अडकले असे धरून पाणबुडे त्याला काढतात, आणि शेजारी मान्यताप्राप्त टेड तुलनेला ठेवतात.

आपल्याकडे समुद्री कासवे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. परवानगीशिवाय कासव पकडून जाळ्यात सोडून पाहणे हा गुन्हा आहे. बंदराच्या चाचणीने मापे, कोन आणि झडप तपासावीत. गढूळ पाण्यात कॅमेऱ्याला काही दिसत नाही, तिथे चौकटीला बांधलेला छोटा कोननोंदक अधिक कामाचा.

चाचणीत कासव वर आलेच तर निपचित कासव मेलेले समजून फेकू नका. ते बेशुद्ध असू शकते. पोट खाली ठेवून पाठीमागचा भाग निदान १५ सेंटिमीटर उंच करा, म्हणजे फुफ्फुसातले पाणी उतरते. सावलीत ठेवा, अंगावर ओले कापड घाला, पण पाण्याच्या टाकीत ठेवू नका. ४ ते २४ तास वाट पाहा. हालचाल सुरू झाली की जाळे वर असताना, इंजिन न्यूट्रलमध्ये घालून, बोटीच्या मागच्या बाजूने हळूच पाण्यात सोडा.