सांगलीच्या हळदीचा अर्क उंदराच्या यकृताला वाचवतो का? प्रयोग नीट कसा लावावा

सांगली-साताऱ्यात एम. फार्म.च्या प्रबंधासाठी हळद घेणं साहजिक आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि माल मार्केट यार्डात हाताशी असतो. पण विकतची पूड घेऊ नका. पॉलिश न केलेली हळकुंडं शेतकऱ्याकडूनच घ्या. चकाकीसाठी लावलेल्या रंगात लेड क्रोमेट असेल, तर त्यातलं शिसं स्वतःच ग्लुटाथायोन (यकृताला वाचवणारं, पेशींतलं अँटिऑक्सिडंट) कमी करतं आणि सगळा प्रयोग वाया जातो. जाडसर पूड ९५ टक्के इथेनॉलमध्ये भिजवून अर्क काढा, कमी तापमानाला आटवा आणि गडद बाटलीत ठेवा, कारण उजेडात कर्क्युमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य) मोडतं. त्याचं प्रमाण ४२५ नॅनोमीटरला मोजून नोंदवा. हा आकडा नसेल, तर दुसऱ्या कोणाला तुमचा प्रयोग पुन्हा करून बघता येणार नाही.

संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. १५० ते २०० ग्रॅमचे विस्टार जातीचे उंदीर घ्या. सहा गट, प्रत्येकात सहा: निरोगी, फक्त विष (कार्बन टेट्राक्लोराइड), विष आणि सिलिमॅरिन (तुलनेसाठीचं यकृतरक्षक औषध, १०० मिग्रॅ प्रति किलो), विष आणि अर्क (१०० व २०० मिग्रॅ असे दोन गट), आणि सहावा फक्त अर्काचा. हा सहावा गट पुष्कळदा वगळला जातो; मग अर्क एकटाच रक्तातले यकृताचे एन्झाइम वाढवतो की नाही हे कळतच नाही. अर्क ०.५ टक्के सीएमसीमध्ये (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, अर्क तरंगत ठेवणारा दाट द्रव), ५ मिली प्रति किलो या हिशेबाने सात दिवस तोंडाने द्या. २०० मिग्रॅच्या मात्रेसाठी द्रावण ४० मिग्रॅ प्रति मिली लागतं. २०० ग्रॅमच्या उंदराला १ मिली. सीएमसी आणि विषासोबतचं ऑलिव्ह तेल निरोगी गटालाही तेवढंच मिळालं पाहिजे.

सातव्या दिवशी, अर्क दिल्यावर तासाभराने, कार्बन टेट्राक्लोराइड आणि ऑलिव्ह तेल समप्रमाणात मिसळून २ मिली प्रति किलो पोटाच्या पोकळीत टोचा. तोंडाने देऊ नका. जठरातला अर्क त्याचं शोषण अडवू शकतो. मिश्रण फ्यूम हूडमध्ये, काचेच्या भांड्यात करा. पॉलिस्टायरीन विरघळतं.

आता मुख्य अडचण. कार्बन टेट्राक्लोराइड मुळात तितकं घातक नाही. यकृतातला सायटोक्रोम २ई१ हा एन्झाइम त्यातून ट्रायक्लोरोमिथाइल मुक्तकण (फ्री रॅडिकल) बनवतो, ऑक्सिजन मिळताच त्याचा पेरॉक्सिल होतो आणि पेशीपटलातल्या मेदाचं ऑक्सिडीकरण सुरू होतं. हा एन्झाइम मध्य शिरेभोवती जास्त असतो, म्हणून पेशी आधी तिथेच मरतात. तुमच्या अर्काने हा एन्झाइमच दाबला, तर विष तयारच होत नाही. एएलटी (यकृत दुखावलं की रक्तात वाढणारा एन्झाइम) छान उतरतं, पण त्याला अँटिऑक्सिडंट संरक्षण म्हणता येत नाही. म्हणून एक छोटा गट जादा ठेवा, ज्याला अर्क विषानंतर सहा तासांनी मिळेल. तोवर मुक्तकण बनण्याचा मोठा भाग उरकलेला असतो. फायदा फक्त आधी दिल्यावर दिसला आणि नंतर दिल्यावर नाही, तर निष्कर्ष जपून लिहा.

चोवीस तासांनी भूल देऊन रक्त घ्या. रक्तपेशी फुटून सीरम लालसर दिसलं तर एएसटी (एएलटीसारखाच दुसरा एन्झाइम) खोटं वाढतं. तो नमुना बाद धरा. यकृतातलं ग्लुटाथायोन उपाशीपोटी बरंच उतरतं आणि दिवसाच्या वेळेनुसारही बदलतं. म्हणून उपवास सगळ्यांना सारखा ठेवा. सकाळी गट एक आणि संध्याकाळी गट सहा, असं कधीच करू नका; प्रत्येक गटातला एकेक उंदीर आळीपाळीने घ्या.

यकृत थंड सलाइनने रक्त निघेपर्यंत धुवा. रक्तातच कॅटालेज (हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारा अँटिऑक्सिडंट एन्झाइम) भरपूर असतं, त्यामुळे अर्धवट धुतलेलं यकृत निरोगी वाटायला लागतं. पीएच ७.४ च्या फॉस्फेट बफरमध्ये १० टक्के होमोजिनेट (यकृत वाटून केलेलं द्रावण) बर्फावर करा. बफर टिकावा म्हणून अझाइड घालू नका, त्याने कॅटालेज बंद पडतं. ग्लुटाथायोनसाठी ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने प्रथिनं त्याच दिवशी बसवा आणि डीटीएनबीने (ग्लुटाथायोनसोबत पिवळा रंग देणारं रसायन) ४१२ नॅनोमीटरला मोजा. डीटीएनबी घालताना पीएच ८ च्या आसपास हवा. आम्ल जास्त उरलं तर रंग येत नाही.

मॅलोनडायअल्डिहाइडसाठी (मेदाच्या ऑक्सिडीकरणातून उरणारा पदार्थ) थायोबार्बिट्युरिक आम्लासोबत ९५ अंशाला तासभर ठेवून ५३२ नॅनोमीटरला वाचन घ्या. गरम करण्याआधी बीएचटी (ऑक्सिडीकरण थांबवणारं रसायन) घाला, नाहीतर ऑक्सिडीकरण नळीतच घडतं. होमोजिनेट सुक्रोजमध्ये केलं असेल तर वाचन खोटं वाढतं. कॅटालेज २४० नॅनोमीटरला, तेही क्वार्ट्झच्या क्युव्हेटमध्ये. साध्या काचेतून हा प्रकाश जातच नाही. सगळे आकडे प्रति मिलिग्रॅम प्रथिन लिहा.

सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या छेदासाठी दर वेळी एकाच खंडाचा, ५ मिलिमीटरहून पातळ तुकडा १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ठेवा. स्लाइड वाचणाऱ्याला गट सांगू नका. मेद दाखवायचा असेल तर फॉर्मॅलिननंतर गोठवून छेद घ्या आणि ऑइल रेड ओने रंगवा. पॅराफिनच्या वाटेने गेलात तर झायलीन मेद धुऊन नेतं आणि हाती फक्त रिकाम्या पोकळ्या राहतात.